सुवाह्य आज्ञावली

संगणकावर रीतसर प्रस्थापित (इन्स्टॉल) न करता, आपल्या सर्व फाइलींसह एकाच फोल्डरात राहून चालू शकणाऱ्या व तो फोल्डर दुसऱ्या जागी किंवा दुसऱ्या संगणकावर नेला असता आपल्या मांडणीसह (सेटिंगसह) पूर्ववत चालणाऱ्या आज्ञावलीस सुवाह्य आज्ञावली (पोर्टेबल सॉफ्टवेअर) म्हणतात. अशा आज्ञावली बहुधा पेनड्राइव्हवर ठेवल्या जातात. परंतु पेनड्राइव्ह हे त्यांचे आवश्यक लक्षण नव्हे. घरच्या संगणकाच्या कठीण तबकडीवर (हार्ड डिस्कवर) एका फोल्डरात ठेवलेली आज्ञावलीही वरील अटी पाळत असेल, तर ती सुवाह्यच होय. संगणकशास्त्रात ‘पोर्टेबल’ हा शब्द ‘निरनिराळ्या जातींच्या यंत्रांसाठी सहज रूपांतरित करता येणारी’ अशा अर्थानेही वापरतात. तो अर्थ येथे अभिप्रेत नाही.

नेहमीच्या आज्ञावलीच्या बाबतीत ती ठेवणे, अद्ययावत करणे व काढून टाकणे ही कामे तिच्यासोबत येणारा प्रस्थापक (इन्स्टॉलर) करतो. सुवाह्य आज्ञावलीत ही सर्व कामे फोल्डराची नक्कल करणे, तो हलविणे व पुसून टाकणे एवढ्यावर येतात, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. हे विधान फोल्डरापुरते खरे आहे. फोल्डराबाहेर मात्र वापरणारा स्वतःच काही धागे निर्माण करतो. डेस्कटॉपवर ठेवलेला शॉर्टकट हा त्यांपैकी सर्वांत परिचित. फिरती आज्ञावली व स्थिर संगणक यांना जोडणारा दुवा शॉर्टकट हाच असल्यामुळे स्थलांतराच्या व निष्कासनाच्या बहुतेक अडचणी त्याच्याभोवती उद्‌भवतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज या परिचालन प्रणालीचा विचार केला आहे. कारण सुवाह्यतेचा प्रश्न तिच्यातच सर्वांत तीव्र आहे.

इतिहास : १९८१ मध्ये प्रचारात आलेल्या एमएस-डॉस प्रणालीच्या काळात सुवाह्यता हा वेगळा गुण मानला जात नसे. वर्डस्टारसारखी शब्दसंस्करणाची आज्ञावली एकदोन फ्लॉपींवर मावत असे. फ्लॉपी ज्या संगणकात घालावी तेथे ती चालत असे. अपवाद होता तो विशेष यंत्रसामग्रीची गरज असलेल्या आज्ञावलींचा. भारतीय भाषांसाठी वापरले जाणारे जिस्ट कार्ड संगणकात बसविलेले नसेल, तर त्यावर अवलंबून असलेली मराठी आज्ञावली फ्लॉपीसह नेऊनही उपयोग नसे. पुढे विंडोज प्रणालीत अनेक आज्ञावलींना सामाईक लागणाऱ्या फाइली विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवण्याची आणि आज्ञावलीची मांडणी प्रणालीच्या सामाईक फाइलींत लिहिण्याची प्रथा पडली. १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ ने ‘रजिस्ट्री’ ही मध्यवर्ती नोंदवही सर्व आज्ञावलींसाठी रूढ केली. यामुळे व्यवस्थेला एकसूत्रीपणा आला. पण आज्ञावलीचे अवयव संगणकभर विखुरले गेले व ती उचलून दुसरीकडे नेणे जवळजवळ अशक्य झाले.

२००० साली सिंगापूरच्या ट्रेक कंपनीचा थंबड्राइव्ह व आयबीएमने अमेरिकेत विकलेला ८ मेगाबाइट धारणक्षमतेचा डिस्कऑनकी हे पेनड्राइव्ह बाजारात आले. धारणक्षमता वाढत गेली तशी कागदपत्रांबरोबर आज्ञावलीही खिशात नेण्याची कल्पना व्यवहार्य ठरली. २००४ मध्ये जॉन हॅलर यांनी फायरफॉक्स या न्याहाळकाची (ब्राउझरची) सुवाह्य आवृत्ती सिद्ध केली व तिच्यातूनच पुढे पोर्टेबलॲप्स हा प्रकल्प उभा राहिला. २००५ मध्ये सँडिस्क व एम-सिस्टिम्स या कंपन्यांनी यू-थ्री नावाची पद्धत आणली. तिच्यात पेनड्राइव्हचा एक भाग संगणकाला सीडी असल्याचे भासवीत असे व त्यामुळे जोडणी होताच आज्ञावलींची यादी आपोआप उघडे. ही पद्धत २००९ च्या सुमारास मागे पडली. विंडोज ८ च्या व्यावसायिक संस्थांसाठीच्या आवृत्तीत (२०१२) संपूर्ण परिचालन प्रणालीच पेनड्राइव्हवरून चालविण्याची सोय होती. तीही २०२० मध्ये काढून टाकण्यात आली. साध्या फोल्डरावर आधारलेली पद्धत मात्र टिकून राहिली, याचे कारण तिचा साधेपणा हेच होय.

रचना : सुवाह्य आज्ञावलींचे स्थूलमानाने तीन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारातील आज्ञावली मुळातच आपली मांडणी स्वतःच्या फोल्डरातील फाइलीत लिहितात व रजिस्ट्रीला स्पर्श करीत नाहीत. दुसऱ्या प्रकारात मूळ आज्ञावली नेहमीचीच असते, पण तिच्यावर एका छोट्या चालक-आज्ञावलीचे (लाँचरचे) वेष्टन असते. हा चालक प्रथम यजमान संगणकावर त्याच आज्ञावलीची मांडणी असल्यास ती बाजूला ठेवतो, पेनड्राइव्हवरील मांडणी तिच्या जागी आणतो, आज्ञावली चालू करतो व ती बंद झाल्यावर सर्व पूर्वस्थितीस नेतो. काम चालू असतानाच पेनड्राइव्ह उपटून काढला, तर या क्रमातील शेवटची पायरी राहून जाते व पाहुण्याची मांडणी यजमानाच्या घरी अडकून पडते. तिसऱ्या प्रकारात आज्ञावलीभोवती आभासी परिसर निर्माण करतात; तिला आपण रजिस्ट्रीत लिहीत आहोत असे वाटते, प्रत्यक्षात ते लेखन तिच्याच फोल्डरातील फाइलीत होते. व्हीएमवेअर कंपनीने २००८ मध्ये विकत घेतलेली व पुढे थिनॲप या नावाने विकलेली पद्धत या प्रकारात मोडते.

पोर्टेबलॲप्सच्या ठरीव रचनेत प्रत्येक आज्ञावलीच्या फोल्डरात ‘ॲप’, ‘डेटा’ व ‘अदर’ असे तीन उपफोल्डर असतात. पहिल्यात मूळ आज्ञावली, दुसऱ्यात वापरणाऱ्याची मांडणी व तिसऱ्यात साहाय्यक मजकूर असतो. ही विभागणी वरवर किरकोळ वाटली, तरी तिचे महत्त्व मोठे आहे. आज्ञावली अद्ययावत करताना फक्त ‘ॲप’ बदलावयाचा असतो आणि राखीव प्रत घेताना प्रामुख्याने ‘डेटा’ जपावयाचा असतो. अशी विभागणी नसलेल्या आज्ञावलीच्या जुन्या फोल्डरावर नवी आवृत्ती ओतताना मांडणीची फाइल पुसली जाण्याचे प्रसंग वारंवार घडतात.

काही आज्ञावली स्वभावतःच सुवाह्य होऊ शकत नाहीत. ज्यांना परिचालन प्रणालीच्या गाभ्यात चालक-घटक (ड्रायव्हर) बसवावा लागतो, त्या या वर्गात येतात. व्हेराक्रिप्ट ही कूटलेखनाची आज्ञावली पेनड्राइव्हवरून चालविता येते. परंतु तिला असा घटक लागत असल्याने यजमान संगणकावर व्यवस्थापकाचे (ॲडमिनिस्ट्रेटरचे) अधिकार असावे लागतात आणि परक्या संगणकावर नेमके तेच नसतात.

ठेवणे : सुवाह्य आज्ञावली बहुधा झिप पद्धतीने आवळलेल्या एका फाइलीच्या स्वरूपात मिळते. ती प्रथम पूर्णपणे सोडवून (एक्स्ट्रॅक्ट करून) घ्यावी लागते. विंडोजमध्ये झिप फाइल फोल्डराप्रमाणे उघडून आत पाहता येत असल्यामुळे आतल्या चिन्हावरच टिचकी मारण्याचा मोह होतो. तसे केल्यास ती एकटी फाइल तात्पुरत्या फोल्डरात (टेंप) उतरते व तेथून चालते. सोबतच्या फाइली न सापडल्याने ती एकतर बंद पडते किंवा चालली तरी तिने लिहिलेली मांडणी त्या तात्पुरत्या फोल्डराबरोबर नाहीशी होते. ‘आज्ञावली काही लक्षात ठेवीत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते.

फोल्डर कोठे ठेवावा हा प्रश्नही दुय्यम नाही. सवयीने तो ‘प्रोग्रॅम फाइल्स’ मध्ये ठेवला जातो. सुवाह्य आज्ञावलीसाठी ती सर्वांत गैरसोयीची जागा होय. विंडोज व्हिस्टापासून त्या फोल्डरात लिहिण्यास व्यवस्थापकाची संमती लागते. जुन्या घडणीची आज्ञावली तेथे लिहू लागली, तर प्रणाली ते लेखन नकळत वापरणाऱ्याच्या खात्यातील ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डराकडे वळविते. आज्ञावलीला व वापरणाऱ्याला दोघांनाही मांडणी तिच्या फोल्डरातच आहे असे वाटते. फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेल्यावर ती मागे राहिल्याचे कळते. म्हणून वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरात अथवा ‘सी’ सोडून अन्य ड्राइव्हवर स्वतंत्र जागा करणे इष्ट. आंतरजालावरून उतरविलेल्या फाइलीवर विंडोज (२००४ मधील एक्सपीच्या दुसऱ्या सुधारणासंचापासून) तिचे उगमस्थान दर्शविणारी अदृश्य खूण ठेवते व ती चालविताना इशारा देते. हा इशारा उपद्रव समजून डोळे झाकून दूर करण्यापेक्षा फाइल मूळ निर्मात्याकडूनच आली आहे ना, हे त्या क्षणी पडताळून पाहणे अधिक शहाणपणाचे.

शॉर्टकट : डेस्कटॉपवरील, कोपऱ्यात लहान बाण असलेले चिन्ह म्हणजे आज्ञावली नव्हे, ती आज्ञावली कोठे आहे हे सांगणारी एक छोटी फाइल होय. हा प्रकार विंडोज ९५ पासून आला. या फाइलीचे ‘एलएनके’ हे नामप्रत्यय प्रणाली नेहमी लपवून ठेवते, त्यामुळे अनेकांना ती वेगळी फाइल आहे हेच माहीत नसते. पेनड्राइव्हवर केवळ शॉर्टकटची नक्कल करून घेऊन दुसरीकडे गेलेला विद्यार्थी आपला प्रबंध बरोबर आहे अशा समजुतीत असतो. तेथे पोचल्यावर त्याच्या हाती फक्त पत्ता असतो, घर नसते.

शॉर्टकटमध्ये लक्ष्य-फाइलीचा संपूर्ण मार्ग, काम सुरू करण्याचा फोल्डर, आज्ञावलीस द्यावयाच्या जादा सूचना, चिन्हाचे स्थान व कळ-संयोग यांची नोंद असते. त्याखेरीज लक्ष्य ज्या ड्राइव्हवर होते त्याचा प्रकार, नाव व अनुक्रमांक, लक्ष्य-फाइलीचे आकारमान व दिनांक आणि कित्येकदा तो शॉर्टकट ज्या संगणकावर तयार झाला त्याचे नावही त्यात राहते. गुन्हे-अन्वेषणात शॉर्टकट फाइली तपासतात त्या याच माहितीसाठी.

मूळ फाइल हलविल्यास शॉर्टकट तिचा शोध घेण्याचा प्रयत्न करतो. विंडोज २००० पासून एनटीएफएस पद्धतीने आखलेल्या तबकडीवर फाइलीस एक ओळख-क्रमांक देता येतो व त्याच्या आधारे, फाइलीचे नाव व फोल्डर बदलला तरी, ती त्याच संगणकावर सापडते. हा उपाय नसेल तेथे सारखे नाव, दिनांक व आकारमान यांवरून अंदाज बांधला जातो. पेनड्राइव्ह बहुधा फॅट-३२ अथवा एक्सफॅट पद्धतीने आखलेले असतात व त्यांत असा ओळख-क्रमांक नसतो. त्यामुळे ज्या आज्ञावली सर्वाधिक हलविल्या जातात, त्यांच्या बाबतीतच शॉर्टकटची ही शोधशक्ती सर्वांत दुबळी ठरते. अंदाज चुकल्यास शॉर्टकट भलत्याच, पण सारख्या नावाच्या जुन्या फाइलीला जोडला जातो; एकाच आज्ञावलीच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घेणे आवश्यक आहे.

स्थलांतर : विंडोजमध्ये प्रत्येक ड्राइव्हला रोमन अक्षराचे नाव असते. ‘ए’ व ‘बी’ ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली होती व ‘सी’ पासून कठीण तबकडी सुरू होते, ही जुनी परंपरा आजही पाळली जाते. नव्याने जोडलेल्या पेनड्राइव्हला जे अक्षर मोकळे असेल ते मिळते. घरी जो पेनड्राइव्ह ‘ई’ असतो तोच महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ‘जी’ होतो, आणि ‘ई’ ने सुरू होणारा मार्ग नोंदलेले सर्व शॉर्टकट एकदम निकामी होतात. घरच्या संगणकावर ‘डिस्क मॅनेजमेंट’ मधून पेनड्राइव्हला एखादे शेवटाकडचे अक्षर कायमचे नेमून देता येते. मात्र ही नेमणूक त्या एका संगणकाच्या रजिस्ट्रीत राहत असल्याने परक्या संगणकावर तिचा उपयोग नसतो.

यावर खरा उपाय म्हणजे संपूर्ण मार्गाऐवजी सापेक्ष मार्ग वापरणे. ‘ई ड्राइव्हवरील टूल्स फोल्डरात जा’ असे न सांगता ‘मी जेथे आहे तेथून शेजारच्या फोल्डरात जा’ असे सांगावयाचे. साध्या शॉर्टकटला हे नीट जमत नाही. परंतु चालणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीस आपण स्वतः कोणत्या ड्राइव्हवर व कोणत्या फोल्डरात आहोत हे परिचालन प्रणालीला विचारता येते. सुवाह्य शॉर्टकट-व्यवस्थापक किंवा चालक-पट याच तत्त्वावर चालतात. ते पेनड्राइव्हवर स्वतः राहतात, आपल्या स्थानापासून इतर आज्ञावलींचे अंतर मोजतात व त्यांची चिन्हे आपल्याच खिडकीत दाखवितात. डेस्कटॉपवर पंधरा शॉर्टकट ठेवण्याऐवजी एका व्यवस्थापकाचा एकच शॉर्टकट ठेवला, तर स्थलांतरानंतर दुरुस्त करावयाचा धागाही एकच उरतो. हेच काम बॅच फाइल लिहूनही साधते. तिच्यात शून्याव्या घटकापासून फाइलीचे स्वतःचे ड्राइव्ह-अक्षर व मार्ग मिळविण्याची सोय आहे. दिसावयास ती रूपवान नसली, तरी विश्वासास पात्र असते.

शॉर्टकट सुधारला म्हणजे स्थलांतर पूर्ण झाले असे नाही. अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी, शब्दकोशाचे स्थान, जोडलेली पूरक साधने इत्यादींचे मार्ग आज्ञावलीच्या स्वतःच्या मांडणीतही पूर्ण स्वरूपात लिहिलेले असतात. चांगले चालक गेल्या वेळचे ड्राइव्ह-अक्षर नोंदवून ठेवतात व नव्या वेळी मांडणीच्या फाइलींत त्या जागी नवे अक्षर घालतात. जेथे ही सोय नसेल तेथे मांडणीची फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडून हा बदल हातानेच करावा लागतो.

क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम आज्ञावली पूर्णपणे बंद करावी. खिडकी मिटली तरी घड्याळाशेजारच्या चिन्हरूपात ती जागीच असू शकते व त्या स्थितीत नक्कल केल्यास अर्धवट लिहिलेली मांडणी नव्या जागी जाते. नंतर फोल्डराची नक्कल करून नव्या जागी आज्ञावली एकदा चालवून पाहावी, आणि सर्व ठीक असल्याची खात्री झाल्यावरच जुना फोल्डर पुसावा. आरंभीच ‘हलवा’ (कट-पेस्ट) करण्यात थोडा वेळ वाचतो. मध्येच पेनड्राइव्ह सुटल्यास मात्र अर्धा फोल्डर इकडे व अर्धा तिकडे अशी अवस्था होते.

संकेतशब्दांचा (पासवर्डचा) प्रश्न स्वतंत्रपणे पाहावा लागतो. क्रोम न्याहाळक साठविलेले संकेतशब्द विंडोजमधील वापरणाऱ्याच्या खात्याशी निगडित किल्लीने कुलूपबंद करतो. त्याचा फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेला, तर पाने उघडतात पण संकेतशब्द उलगडत नाहीत. फायरफॉक्समध्ये किल्ली त्याच फोल्डरात असते, म्हणून संकेतशब्दही बरोबर जातात. हे सोयीचे आहे, पण तितकेच धोक्याचेही. कारण मुख्य संकेतशब्द घातलेला नसल्यास तो पेनड्राइव्ह ज्याला सापडेल त्याच्या हाती टपाल, बँक व कार्यालय यांच्या किल्ल्यांचा जुडगाच पडतो. एकीकडे अतिसुरक्षिततेमुळे अडलेला प्रवास, तर दुसरीकडे विनापहारा प्रवास, अशा या दोन टोकांत सुवाह्यता नेहमीच हेलकावत असते. पेनड्राइव्ह हरवणे ही अपवादात्मक घटना न समजता कधीतरी घडणारच असे गृहीत धरून तो संपूर्णपणे कूटबद्ध करणे हाच त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग आहे. विंडोज ७ (२००९) पासून बिटलॉकर-टू-गो ही सोय त्यासाठी उपलब्ध झाली.

काढून टाकणे : सुवाह्य आज्ञावलीची नोंद कंट्रोल पॅनेलमधील आज्ञावलींच्या यादीत नसते, कारण ती यादी प्रस्थापकांनी रजिस्ट्रीत लिहिलेल्या नोंदींवरून तयार होते. तेव्हा आज्ञावली तेथे दिसली नाही म्हणून ती संगणकावर नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. उलट तिला तेथून काढण्याचा मार्गही नसतो. फोल्डर पुसणे हेच तिचे निष्कासन. पण त्याआधी फोल्डराबाहेरचे धागे सोडवावे लागतात. संगणक सुरू होताच चालण्याची सोय दिली असल्यास ती, तसेच विशिष्ट प्रकारच्या फाइली आपल्याकडे उघडण्याचा घेतलेला अधिकार, आज्ञावलीच्या मांडणीतूनच रद्द करावा. ही दोन्ही कामे आज्ञावली जिवंत असतानाच सुकर असतात. फोल्डर आधी पुसल्यास रजिस्ट्रीतील नोंदी अनाथ होऊन राहतात व संगणक दर वेळी नसलेल्या फाइलीचा शोध घेऊ लागतो. त्यानंतर आज्ञावली बंद करून फोल्डर पुसावा. प्रणालीने ‘फाइल वापरात आहे’ असे सांगून नकार दिला, तर आज्ञावलीचा एखादा अंश अजून चालू आहे असे समजावे.

शेवटी शॉर्टकट. शॉर्टकट पुसल्याने आज्ञावली जात नाही आणि आज्ञावली पुसल्याने शॉर्टकट जात नाही. नवशिक्यांचा गोंधळ या दोन्ही बाजूंनी होतो. शॉर्टकटही एकाच जागी नसतो. तो वापरणाऱ्याच्या डेस्कटॉपवर, सर्व खात्यांना सामाईक असलेल्या डेस्कटॉपवर (येथून काढण्यास व्यवस्थापकाचे अधिकार लागतात), स्टार्ट यादीत आणि विंडोज ७ पासून कार्यपट्टीवर (टास्कबारवर) टाचलेल्या स्वरूपात असू शकतो.

‘सुवाह्य आज्ञावली मागे काहीही ठेवीत नाही’ हा दावा जाहिरातींत हमखास आढळतो. आज्ञावलीने स्वतः काही लिहिले नाही, एवढ्याच मर्यादित अर्थाने तो खरा आहे. परिचालन प्रणाली मात्र स्वतःची दैनंदिनी लिहीतच असते. विंडोज एक्सपीपासून ‘प्रीफेच’ फोल्डरात चालविलेल्या आज्ञावलींच्या खुणा राहतात. अलीकडील फाइलींच्या यादीत शॉर्टकट तयार होतात. जोडलेल्या पेनड्राइव्हची माहिती रजिस्ट्रीत नोंदली जाते. कोणती आज्ञावली किती वेळा चालविली याची ‘यूझरअसिस्ट’ नावाची एक नोंद असते व तिच्यातील नावे रोमन वर्णमालेत प्रत्येक अक्षर तेरा घरे पुढे सरकवून लिहिलेली असतात. शाळकरी मुलांच्या सांकेतिक भाषेइतकेच हे गुपित दुर्भेद्य आहे. सार्वजनिक संगणकावर खाजगी काम करणाऱ्याने सुवाह्य आज्ञावलीला अदृश्यतेचा अंगरखा समजू नये. त्या संगणकावर कळा टिपणारी हेर-आज्ञावली असल्यास तर पेनड्राइव्हवरून चालविलेला न्याहाळकही तिच्यापासून काही लपवू शकत नाही.

धोके : पेनड्राइव्ह व शॉर्टकट या दोन्ही सोयी उपद्रवी आज्ञावलींनीही तितक्याच तत्परतेने वापरल्या. पेनड्राइव्ह जोडताच त्यावरील आज्ञा आपोआप चालविण्याच्या सोयीचा फायदा २००८ मध्ये उद्‌भवलेल्या कॉन्फिकर या कृमीने (वर्मने) घेतला. विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हपुरती ही सोय बंद करण्यात आली व २०११ मध्ये एक्सपी व व्हिस्टा यांनाही तोच बदल पाठविण्यात आला. २०१० मध्ये उजेडात आलेल्या स्टक्सनेट या कृमीने शॉर्टकटमधील चिन्ह दाखविण्याच्या प्रक्रियेतील उणीव वापरली. टिचकी मारण्याचीही गरज नव्हती, फोल्डर उघडून त्यातील चिन्हे पाहणे पुरेसे होते. त्याचे लक्ष्य इराणमधील युरेनियम शुद्धीकरणाची यंत्रणा होते, तरी त्याचा प्रसार इंडोनेशिया व भारत येथील संगणकांतही झाला. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१० मध्ये या उणिवेवर दुरुस्ती प्रसिद्ध केली.

भारतात सामान्य माणसाला अधिक परिचित आहे तो ‘शॉर्टकट व्हायरस’. झेरॉक्सची दुकाने, सायबर कॅफे व महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा अशा, एकाच संगणकाला अनेकांचे पेनड्राइव्ह लागणाऱ्या ठिकाणी त्याचा विशेष फैलाव झाला. हा उपद्रव पेनड्राइव्हवरील खरे फोल्डर लपवितो व त्यांच्याच नावांचे शॉर्टकट तयार करतो. शॉर्टकटवर टिचकी मारली की आधी उपद्रवी आज्ञा चालते व मग खरा फोल्डर उघडतो, त्यामुळे काही बिघडल्याचा संशयही येत नाही. पुढे संसर्गनाशक आज्ञावली उपद्रवी फाइल काढते, शॉर्टकट निकामी होतात, पेनड्राइव्ह रिकामा दिसतो आणि वापरणारा तो नव्याने आखून (फॉरमॅट करून) घेतो. अनेकांचे प्रकल्प व छायाचित्रे व्हायरसने नव्हे, तर या घाईने नष्ट केली आहेत. वस्तुतः मूळ फाइली जागेवरच असतात. ‘ॲट्रिब’ ही जुनी डॉस-आज्ञा देऊन त्यांवरील ‘हिडन’ व ‘सिस्टिम’ ही लेबले काढली की त्या पुन्हा दिसू लागतात.

परक्या संगणकावर स्वतःची आज्ञावली चालविणे ही तांत्रिक बाब आहे तशीच अधिकाराचीही. व्यवस्थापकाच्या संमतीविना चालणे हा सुवाह्य आज्ञावलीचा गुण कार्यालयाच्या दृष्टीने दोष ठरू शकतो व म्हणून अनेक संस्थांत पेनड्राइव्हवरून आज्ञावली चालविण्यास मज्जाव असतो. भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ४३ अन्वये मालकाच्या परवानगीविना संगणक वापरणे, त्यातून माहिती काढणे किंवा त्यात विषाणू सोडणे यांबद्दल भरपाईची जबाबदारी येते. मुक्त परवान्याखालील आज्ञावली सुवाह्य करून वाटता येतात. विकतच्या आज्ञावलींच्या चोरट्या ‘पोर्टेबल’ आवृत्त्या मात्र परवान्याचा भंग तर करतातच, शिवाय त्यांच्या वेष्टनात काय दडले आहे हे वापरणाऱ्याला तपासता येत नाही.

देवनागरीचा प्रश्न : मराठी मजकुराच्या बाबतीत सुवाह्यतेला एक जादा अडसर होता. टंक (फॉन्ट) व कळफलक हे आज्ञावलीचे नव्हे, तर परिचालन प्रणालीचे घटक असतात. विशिष्ट टंकसंचावर आधारलेल्या जुन्या पद्धतीने लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन चिन्हांच्या ओळींसारखा दिसे, आणि टंक बसविण्यास व्यवस्थापकाचे अधिकार लागत. युनिकोड पद्धतीने हा प्रश्न पुष्कळसा सुटला. तरी विंडोज एक्सपीमध्ये देवनागरीचा आधार स्वतंत्रपणे चालू करावा लागे व त्यासाठी अनेकदा मूळ सीडी मागितली जाई. सायबर कॅफेत ती मिळणे दुरापास्त. अशा वेळी रोमन अक्षरांत लिहिलेले आपल्याच खिडकीत देवनागरीत बदलणारे सुवाह्य संपादक उपयोगी पडत. विंडोज १० च्या २०१८ मधील आवृत्तीपासून वापरणाऱ्यास स्वतःच्या खात्यापुरता टंक व्यवस्थापकाविना बसविता येऊ लागला.

इतर परिचालन प्रणाली : ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉश संगणकांत आज्ञावली व तिच्या पूरक फाइली एकाच चिन्हाआडच्या फोल्डरात बांधलेल्या असतात, ते चिन्ह ‘ॲप्लिकेशन्स’ मध्ये ओढून टाकणे म्हणजे प्रस्थापन व कचरापेटीत टाकणे म्हणजे निष्कासन. मांडणी मात्र वापरणाऱ्याच्या ‘लायब्ररी’ फोल्डरात राहते. तेथील शॉर्टकट (एलियास, १९९१ पासून) फाइलीची ओळख जपून ठेवीत असल्याने त्याच तबकडीवरील स्थलांतर सहज पचवितो. २०१६ पासून या प्रणालीत, उतरविलेली आज्ञावली वापरणाऱ्याने स्वतः हलविली नसेल तर ती एका यादृच्छिक व केवळ वाचनीय मार्गावरून चालविली जाते. शेजारच्या फाइलींवर विसंबणाऱ्या सुवाह्य आज्ञावली त्यामुळे अडतात. चिन्ह एकदा दुसऱ्या फोल्डरात ओढून नेले की अडचण दूर होते. लिनक्समध्ये ॲपइमेज ही पद्धत प्रचलित असून तिच्यात संपूर्ण आज्ञावली एकाच फाइलीत असते. तिला ‘चालविण्यास योग्य’ अशी परवानगी द्यावी लागते, एवढेच तिचे प्रस्थापन. तिची मांडणी एरवी वापरणाऱ्याच्या घर-फोल्डरात जाते. परंतु ॲपइमेजच्याच नावापुढे ‘होम’ हा प्रत्यय जोडलेला फोल्डर तिच्या शेजारी निर्माण केल्यास मांडणी त्यात लिहिली जाते व दोन्ही एकत्र नेता येतात. डेस्कटॉपवरील चिन्हासाठी तेथे ‘डेस्कटॉप’ प्रत्ययाची एक साधी मजकूर-फाइल असते. आज्ञावली हलविल्यास तिच्यातील ‘एक्झेक’ ने सुरू होणाऱ्या ओळीतील मार्ग बदलावा लागतो.